पाचव्या ओळीची धुराडी

आबा, तुम्हांला अक्षर वाचता येत नव्हते, त्यामुळे तुम्हांला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. नकाशा मात्र तुम्ही साहेबाच्या आधी वाचून मोकळे होत होता. तुम्हांला जाऊन बारा पावसाळे झाले. परवा मंगळवारी गिरणीच्या कचेरीत मी तुमच्याविरुद्ध साक्ष दिली. तुम्ही साहेबाला फसवले, असे मी चार माणसांदेखत सांगितले आणि कारकुनाने ते इंग्रजीत लिहून घेतले. पहिल्या ओळीतली माणसे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्या नावाने ती गावभर बोलत आहेत. मी तुमच्याशीच बोलावे हे बरे.

गाव तुम्ही ठेवून गेलात तसेच आहे. कल्याणहून येणारी वाट मोहन्याच्या अंगाने नदीला लागते, तिथून आधी घंटेचा मनोरा दिसतो, मग गिरणीची तीन मजली काळी भिंत, कमानीच्या खिडक्यांची. बंधारा कुठे गळत नाही. बंधाऱ्यापासून निघालेला पाट गिरणीखाली शिरतो, मोठे चाक फिरवतो आणि पलीकडून बाहेर पडून नदीला परत मिळतो. पाटाच्या अलीकडे तुमच्या चार ओळी. गुडघाभर काळ्या दगडाचे जोते, वर भाजक्या विटा, नळीची कौले, पुढे ओटी आणि मागे एक खोली. चाकाखालून बाहेर पडलेल्या पाण्याच्या पलीकडे पाचवी ओळ, महारांची. तिलाही तेच जोते, तीच वीट, तोच चुना. चुना कोलशेत-बाळकुमच्या खाडीतल्या शिंपल्यांचा. होडीने कल्याण बंदरात यायचा आणि तिथून बैलगाडीने इथे. तुम्ही त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायला लावत होता. आजही त्या भिंतीत खिळा ठोकायचा तर खिळा वाकतो. तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, कधी नव्हती.

सगळ्यांत आधी तुम्ही भटारखाना बांधला. तेव्हा माणसे अजून झोपड्यांत राहत होती. गिरणी आणि गाव उभारणाऱ्या पहिल्या साहेबाने त्याच्या मुलखात असे काही पाहिले होते: सगळ्या गावाचे एकच स्वयंपाकघर, आठ मोठ्या चुली, वर एकच उंच धुराडे. घरोघर चुली नकोत म्हणजे लाकूड वाचेल, आगीची भीती जाईल, बायका मोकळ्या होतील आणि गिरणीत येतील. तुम्ही मान हलवलीत आणि बांधलेत. त्याच्या कमानी गावातल्या सगळ्यांत सुंदर कमानी आहेत. चुली पेटवल्या त्या दिवशी साहेब स्वतः उभा होता. आचाऱ्याने भात शिजवला, आमटी शिजवली, घंटा झाली. कोणी आले नाही. कुणब्यांनी आगऱ्यांकडे पाहिले, आगऱ्यांनी साळ्यांकडे, आणि सगळ्यांनी मिळून पलीकडच्या झोपड्यांकडे, तिथली माणसे आधी येतात की काय म्हणून. ती आली नाहीत. त्यांना आपली जागा ठाऊक करून दिलेली होती. साहेब ऊन चढेपर्यंत थांबला. सगळा भात नदीत गेला. पुढे त्याच भटारखान्यात शाळा भरू लागली आणि एका थंड चुलीच्या कमानीत बसून मी मुळाक्षरे शिकलो. हे जे लिहितो आहे ते तिथले.

साहेब हट्टी होता. एवढे होऊनही ओळींच्या नकाशात त्याने चूल दाखवली नाही. तुम्ही नकाशा घेऊन घरी आलात आणि जमिनीवर पसरलात. आई भाकरी थापत होती. तिने तिथूनच मान लांब करून पाहिले.

"यात चूल कुठंय?"

"नाही."

"मग माणसांनी शिजवायचं कुठं? तुमच्या डोक्यावर?"

तुम्ही हसलात. मग बोट ठेवून तिला दाखवलेत: मागच्या भिंतीत, वळचणीखाली, प्रत्येक घराला एक लहान चौकोन होता. हवेसाठी झरोका. नकाशात तो दोन हात खोल होता, तिरपा, भिंतीतून थेट बाहेर. तुम्ही म्हणालात, "हे भोक साहेबानंच दिलंय. ते खाली कुठवर जातं, हे भिंतीला ठाऊक आणि मला."

मी तुम्हांला ते करताना पाहतो आहे. तुम्ही जाड भिंतीच्या पोटात वीतभर रुंदीची पोकळी जोत्यापर्यंत सोडता, तोंडाशी दोन विटा कोरड्या लावता आणि वरून चुन्याचा हात फिरवता. घर ताब्यात आले की बाई येते, त्या दोन विटा काढते आणि तिथे चूल मांडते. भरल्या दिवसा, साहेब दोनशे पावलांवर असताना, एका ओळीमागून दुसरी, चार ओळी. साहेबाने झरोक्याशी हात धरला, हवा खेळते हे पाहिले आणि तुमच्या पाठीवर थाप मारली. नंतर धूर निघू लागला तेव्हा त्याला कळलेच असणार. पण तोवर गिरणीत माणसे टिकू लागली होती. तो काही बोलला नाही आणि वर्षभराने मायदेशी गेला. त्या काळात तुमच्याइतका मोठा माणूस मला जगात दुसरा दिसत नव्हता.

पाचवी ओळ शेवटी, काही वर्षांनी आली. तिचा पाया आखला त्या संध्याकाळी पहिल्या ओळीतला जॉबर, गिरणीत माणसे लावणारा मुकादम, आपल्या ओटीवर येऊन बसला. आईने त्याला सुपारी दिली. तो म्हणाला, "मेस्त्री, तिकडं घरं बांधा, बांधायलाच पाहिजेत, माणसं लागतात. पण आमच्यासारखी नका बांधू. मग आमचं वेगळं काय राहिलं?" तुम्ही सुपारी कातरत होता. मला वाटले, तुम्ही त्याला काहीतरी सुनवाल. साहेबाला फसवणारा माणूस जॉबरला घाबरेल असे मला वाटले नव्हते. तुम्ही म्हणालात, "बघू."

मी तेव्हा दिवसाची मजुरी घेणारा गवंडी होतो, माझ्या तळहाताला थापीचे घट्टे पडले होते. चुन्याची घाणी चालवणारा तुमचा माणूस त्याच ओळीत राहायला जाणार होता. बैलामागून फिरत चार ओळींचा चुना त्याने मळला होता; कोणत्या भिंतीत काय पोकळ आहे हे तुमच्या-माझ्याखेरीज त्यालाच माहीत होते. भिंती कमरेपर्यंत आल्या आणि त्याने पाहिले की त्या भरीव चढताहेत. त्याने बैल थांबवला. हसतच म्हणाला, "मेस्त्री, आमच्याबी भिंतीत एक भोक ठेवा की."

तुम्ही मागे न बघता म्हणालात, "साहेबाच्या नकाशात नाही रे."

"नकाशात तर कुठंच नाय, मेस्त्री."

तुम्ही माझ्याकडे वळलात. मला म्हणालात, "विटा भिजव." मी विटा भिजवल्या. त्यानेही बैल हाकला. भिंती भरीव चढल्या. तुम्ही वळचणीखालचे झरोके नकाशाबरहुकूम ठेवलेत, दोन हात खोल, तिरपे. चार ओळींत तुम्ही नकाशा मोडलात आणि पाचव्या ओळीत पाळलात. मी संध्याकाळी घरी तुम्हांला विचारले. तुम्ही म्हणालात, "ही चार ओळींची माणसं उद्या उलटली तर कोण काम देईल? तू खाशील काय?" एवढ्यावर थांबला असता तर मी समजलो असतो. भीती मला समजते. पण तुम्ही पुढे म्हणालात, "आणि त्यांनी मागितलं तरी कुठं?" मी म्हणालो, "मागितलं. मी तिथंच होतो." तुम्ही थापीचा दांडा माझ्या बोटांवर मारलात. त्या आठवड्याच्या शेवटी तुमचा पितळी ओळंबा माझ्या हातात दिलात. मी तो घेतला. ती माफी होती असे आई म्हणायची. असेल. पण ती माझ्याकडे मागून काय उपयोग होता?

पावसाळ्यात त्या ओळीत घरातच शिजवावे लागे, आणि धूर कौलांतून झिरपून जाईपर्यंत आत माणूस दिसत नसे. घाणीवाल्याच्या बायकोचे डोळे काही वर्षांत गेले. धुराने गेले की आणखी कशाने, ते वैद्याने सांगितले नाही. मला विचारायची गरज वाटली नाही. तुम्ही त्या वाटेने जायचे सोडलेत. मला ते दिसत होते, आबा.

तुम्ही गेल्यावर गिरणीने तुमचे काम मला दिले. पहिल्याच उन्हाळ्यात मी पाचव्या ओळीची धुराडी बांधायला काढली. मी कोणाला विचारले नाही. भरीव भिंत आतून पोखरली तर ती बसेल, म्हणून चुलीमागे भोक पाडून धुराडे भिंतीच्या बाहेरून चढवले. तुमच्या ओळींच्या पाठी सपाट आहेत; या ओळीच्या प्रत्येक घराला पाठीवर कुबड आहे. घाणीवाला तेव्हा म्हातारा झाला होता. मी चुना मळायला सांगायला गेलो तर म्हणाला, "नकाशात आहे का रे?"

"नाही."

"मग बांध."

त्याने स्वतः चुना मळला. तुमचा ओळंबा लावला. जॉबर येऊन दोन दिवस बघत उभा राहिला, तिसऱ्या दिवशी आला नाही. तुम्ही ज्याला घाबरलात ते एवढेच होते.

आता या वर्षाची गोष्ट. गिरणीच्या मालकांनी ठरवले की गाव मुळात बांधले तसे राखायचे. मुंबईहून पाहुणे येतात, कल्याणला गाडीतून उतरतात, दमणीत बसून इथे येतात, वहीत चित्रे काढतात. असे गाव या मुलखात दुसरे नाही म्हणतात. मला ते आवडले. मीच दगडांमधल्या दरजा चुन्याने भरल्या, कौले फिरवली. मग मॅनेजरने यादी केली, नकाशात नसलेले जे जे ते काढायचे: ओट्यांवरचे झापांचे आडोसे, दारातले गोठे, कोंबड्यांची खुराडी आणि पाचव्या ओळीची धुराडी. कल्याणची वाट त्या ओळीच्या पाठीमागून येते. घरांपैकी पाहुण्यांना पहिली दिसतात ती कुबडेच. दिवाळीनंतरचे पाहुणे यायच्या आत ती पाडायची, आणि पाडायची मी.

मंगळवारी मला बोलावले. टेबलावर तुमचा नकाशा होता, कडेला तुमच्या चुन्याच्या बोटाचा डाग अजून आहे. मॅनेजर, कारकून, दोन ओळींचे जॉबर, त्यांतला एक त्या संध्याकाळी तुमच्या ओटीवर आलेल्या जॉबरचा मुलगा. मॅनेजर बराच वेळ बोलला. कारकुनाने मराठीत सांगितले: "साहेब म्हणतात, पहिल्या साहेबांनी केवढा विचार केला होता बघा. प्रत्येक घराला स्वतंत्र चूल, भिंतीतून धूर जायची सोय. अशी दृष्टी दुर्मीळ. आणि पाचव्या ओळीत तुम्ही हे काय विद्रूप करून ठेवलंत?"

मी वळचणीखालच्या चौकोनांवर बोट ठेवून म्हणालो, "ही धुराडी नव्हेत. नकाशात ती धुराडी नाहीत."

"मेस्त्री?"

"हवेची भोकं आहेत. दोन हात खोल. भिंत उभी कापून दाखवलीय, तो बाजूचा छेद बघा म्हणावं. पहिल्या साहेबानं घरात चूल ठेवलीच नव्हती. नाहीतर आठ चुलींचा भटारखाना कशाला बांधला?"

कारकून माझ्याकडे सरकला. मग हळूच म्हणाला, "अहो, भटारखाना पावासाठी होता असं पाहुण्यांच्या पुस्तकात छापून गेलंय. आता हे साहेबाला सांगू? तुमच्या वडलांनी फसवलं म्हणून?"

"सांगा. माझ्या बापानं पहिल्या साहेबाला फसवलं आणि चार ओळींना चुली दिल्या. पाचवीला दिल्या नाहीत. त्या मी दिल्या. नकाशात नाही ते पाडायचं तर पाचही ओळींतलं पाडू. मी उद्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो."

जॉबरचा मुलगा उठून उभा राहिला. "अरे, बापाचं नाव मातीत घालतोस? आणि आमच्या चुली पाडायला निघालास, कोणासाठी?"

"तुझ्या बापानं नको म्हटलं त्यांच्यासाठी."

"तू त्यांच्यातलाच होऊन बस मग तिकडं!"

"बसेन तिथं बसेन. नकाशा बघ."

मॅनेजरने दोन्ही हात वर केले. कारकुनाने सगळे सांगितले. किती सौम्य करून सांगितले ते मला कळत नाही, पण 'फादर' आणि 'चीट' हे दोन शब्द मी ओळखले. मॅनेजरने भिंग घेतले आणि छेदावर वाकला. त्याने पट्टीने भोक मोजले. मग तो उठून बाहेर पडला, आणि आम्ही त्याच्यामागून. पहिल्या ओळीतल्या पहिल्या घरात तो वाकून शिरला. बाई चुलीपाशी होती, तिने पदर ओढून घेतला. त्याने चुलीमागे काठी घातली; काठी सरळ वर गेली, खांद्यापर्यंत त्याचा हात गेला. बाहेर आला तेव्हा बाही काळी झाली होती. त्याने मला विचारले आणि कारकुनाने सांगितले, "साहेब विचारतात, ही सगळी बुजवायला किती दिवस?"

मी म्हणालो, "बुजवायला आठ दिवस. त्यानंतर गिरणीत कोण येईल ते त्यांनी या बाईला विचारावं."

बाई म्हणाली, "मी कुठली येतेय! माहेरी जाईन." कोणीतरी हसले. मॅनेजरला भाषांतर लागले नाही.

काल नवा नकाशा माझ्यापुढे आला. काहीही पाडायचे नाही. नव्या नकाशात पाचही ओळींना धुराडी आहेत, एकाच काळ्या शाईने, एकाच हाताने, जणू सगळी पहिल्या दिवसापासूनची. खाली पहिल्या साहेबाचे नाव आणि त्याखाली, माझी समजूत घालायला, तुमचे. पाचही ओळी बांधणारा मिस्त्री म्हणून. कारकून खूश होता. "मिळालं ना तुम्हांला हवं ते? वडलांचंही नाव राहिलं. करा सही."

मी सही केली नाही. पाचव्या ओळीची धुराडी नंतरची आहेत, असे त्यावर लिहा म्हणून सांगितले. तो म्हणाला, "त्यानं काय फरक पडतो? चूल ती चूल." मी म्हणालो, "घाणीवाल्यानं मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं, तेवढा फरक पडतो." त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तापात बोलतो आहे. पण त्याने लाल शाईने कडेला एक ओळ लिहिली. मी ती दोनदा वाचली, तिथे जे इंग्रजी शब्द होते ते त्याच्याकडून समजून घेतले, आणि मग सही केली. तुमच्या नावावर चार ओळी राहिल्या, आबा. तेवढ्या पुष्कळ आहेत. पाचवी मी तुम्हांला देणार नाही. तुम्ही भीत होता हे मी जाणतो, बायको-मुले होती हे जाणतो, आणि तरीही देणार नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. जुन्या नकाशाच्या नळीत तो गुंडाळून ठेवणार आहे. मी इथेच थांबणार होतो. पण साक्ष द्यायची तर पुरी द्यावी.

आज सकाळी पाचव्या ओळीवरून जात होतो. घाणीवाल्याची सून दारात आली. धुराडी राहणार हे तिला कळले होते. तिने ताटलीत गरम तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली आणि म्हणाली, "मेस्त्री, खाऊन जा. तुमच्याच चुलीवरची हाय." आत तिची आंधळी सासू बसली होती, तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. मी म्हणालो, "घाईत आहे, साहेब वाट पाहतोय." साहेब कालच ठाण्याला गेला होता आणि ते साऱ्या गावाला माहीत होते. ती "बरं" म्हणाली आणि ताटली परत घेऊन गेली. ती धुराडी बांधायला मला सबंध उन्हाळा लागला होता. त्या उन्हाळ्यात प्यायचे पाणी मी रोज घरून नेत होतो.